धुराची वाट

मराठीत ‘चिमणी’ या एका शब्दाने आपण किती वस्तू ओळखतो, हे एकदा मोजून पाहण्याजोगे आहे. अंगणात दाणे टिपणारी ती चिमणी. रॉकेलवर मिणमिणणारा पत्र्याचा लहानसा दिवा, तीही चिमणी. कंदिलाच्या ज्योतीभोवतीची काच चिमणी, कापडगिरणीचे आकाशात गेलेले धुराडे चिमणी, आणि हल्ली गॅसच्या शेगडीवर भिंतीला बसवतात ते विजेचे यंत्रही चिमणीच. पाखराचे नाव आपले जुने; इतर वस्तूंना ते इंग्रजी शब्दाच्या उच्चारसाम्यामुळे येऊन चिकटले. धूर बाहेर नेणाऱ्या मार्गासाठी आपला स्वतःचा शब्द ‘धुराडे’ हा आहे. शब्द होता, परंतु ती वस्तू आपल्या बहुतेक घरांत नव्हती.

जुन्या घराची रचना आठवून पाहावी. पाण्याला मोरी होती, धान्याला कणगी होती, देवाला देव्हारा होता, गुरांना गोठा होता. प्रत्येक गोष्टीला येण्याजाण्याची वा राहण्याची जागा ठरलेली असे. धुराला मात्र वाट नव्हती. तो चुलीतून निघे, आढ्यापर्यंत जाई, कौलांच्या फटींतून जमेल तितका बाहेर पडे आणि उरलेला घरातच राही. तो कोणाच्या वाट्याला येई, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. ज्यांनी विचारला त्यांच्यापैकी काही जण आपल्या वर्ध्यात, नालवाडीपासून हाकेच्या अंतरावर राहत होते. या वेळच्या लेखाचा विषय तोच आहे.

कोळशाचा प्रदेश

वर्धा जिल्हा कापसाचा म्हणून प्रसिद्ध आहे; पण कोळशाशीही त्याचे नाते जुने आहे. १८६७ साली मुंबईहून येणारा लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरला पोचला. त्यानंतरच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत एक फाटा टाकण्यात आला. तो मुख्यतः वरोऱ्याच्या खाणीतील कोळसा आणण्यासाठीच होता आणि त्याचे नावही ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ असेच होते. वरोऱ्याची ती सरकारी खाण १९०६ साली बंद झाली; पुढे बल्लारपूर आणि चंद्रपूरच्या बाजूच्या खाणी वाढल्या. वर्धा नदीच्या खोऱ्यातील हा कोळसा इंजिनांना, सरकी काढणाऱ्या जिनांना, गाठी बांधणाऱ्या प्रेसना आणि कापडगिरण्यांना मिळू लागला. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. हिंगणघाट, पुलगाव येथेही गिरण्या उभ्या राहिल्या. गावोगावच्या कापूस बाजाराजवळ विटांची उंच धुराडी दिसू लागली.

ही धुराडी केवळ धूर दूर फेकण्यासाठी उंच बांधलेली नव्हती. बॉयलरखालच्या जाळाला भरपूर हवा लागते, आणि ती हवा खेचून आणण्याचे काम धुराडे करते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, तिच्या मागोमाग खालून ताजी हवा आत येते. नळी जितकी उंच आणि आतली हवा जितकी तप्त, तितकी ही ओढ जोरकस. म्हणून गिरणीचे धुराडे हे एक प्रकारे कारखान्याचे नाकच होते. पुढे वीज आली. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, आणि तेव्हापासून एकेका गिरणीचा बॉयलर थंड होत गेला. धुराडे उभे राहिले, पण त्याचा श्वास थांबला. आज जेथे अशी धुराडी उरली आहेत तेथे ती जुन्या काळाची खूण म्हणून पाहिली जातात.

विलायतेतील घरांत हीच वस्तू दिवाणखान्यात होती. तेथे थंडीमुळे खोलीखोलीत कोळशाची शेकोटी असे आणि प्रत्येक शेकोटीवर भिंतीतून वर जाणारे धुराडे असे. सतराव्या शतकात, १६६२ ते १६८९ या काळात, इंग्लंडमध्ये घरातील शेकोट्या मोजून त्यांवर कर घेतला जाई. आपल्याकडे महाबळेश्वर, पाचगणीच्या जुन्या बंगल्यांच्या छपरांवर दिसणारी चौकोनी धुराडी ही त्याच पद्धतीची आहेत. मैदानी मुलखातील आपल्या घरांना ऊब नको होती. स्वयंपाकापुरता अग्नी हवा होता. त्यामुळे अग्नी आला, पण त्याच्यासोबत येणारे धुराडे आले नाही.

घरातली दोन लहान धुराडी

असे असले तरी धुराड्याचे तत्त्व आपल्या घरांत अगदीच अपरिचित नव्हते. दोन वस्तूंतून ते रोज डोळ्यांसमोर येत असे.

पहिली वस्तू कंदिलाची काच. उघडी वात धूर ओकते. तिच्यावर काच चढवली की ज्योत स्थिर होते, उजळते आणि काजळी कमी होते. कारण ती काच म्हणजे एक छोटे धुराडेच असते. ती खालून हवा ओढून घेते आणि तेल नीट जळू देते. युरोपात आर्गां नावाच्या संशोधकाने १७८० च्या दशकात हे तत्त्व दिव्यात आणले. स्वदेशीच्या काळात तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याने आणि नंतर ओगलेवाडीच्या कारखान्याने आपल्याकडे काचसामान बनवले. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील तर घरोघरी पोचला. संध्याकाळी राखेने त्या काचा पुसण्याचे काम लहान मुलांकडे असे, कारण काचेच्या तोंडातून लहान हातच आत जाऊ शके.

दुसरी वस्तू न्हाणीघरातला तांब्याचा बंब. त्याच्या मधोमध एक उभी नळी असते. नळीच्या तळाशी जाळी, जाळीवर कोळसे किंवा लाकडाच्या ढलप्या, आणि नळीभोवती पाणी. जाळीखालून हवा शिरते, जाळ नळीतून वर चढतो आणि जाताजाता आपली उष्णता भोवतालच्या पाण्याला देऊन जातो. मूठभर इंधनात घरभर माणसांच्या आंघोळीचे पाणी तापे. इंधनाची बचत, जाळाला हवा आणि उष्णतेचा पुरता उपयोग, ही तीनही कामे त्या साध्या नळीने साधलेली असत. न्हाणीघरात ज्या घराने ही युक्ती वापरली, त्याच घराच्या स्वयंपाकघरात ती का पोचली नाही, याचे आज नवल वाटते.

चुलीपुढची जागा

स्वयंपाकघरातील चूल मात्र शतकानुशतके तशीच राहिली. तिला एक वैल असे. चुलीतला जाळ आतून वैलाकडे जाई आणि एका आगीवर दोन भांडी बसत. पुढे भानवस, बाजूला फुंकणी आणि चिमटा, वर उतरंड. वर्ध्याकडे इंधन म्हणजे मुख्यतः पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीची लाकडे आणि गोवऱ्या. कापूस वेचून झाला की शेतातील पऱ्हाटी उपटून भारे बांधत आणि वर्षभराची सोय लावत. पऱ्हाटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, म्हणून बाईला चुलीपुढून उठता येत नसे. पावसाळ्यात तीच पऱ्हाटी दमट झाली की फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल होत.

शहरांत आणि खाणींच्या जवळच्या गावांत चुलीच्या जोडीला शेगडी आली. जुन्या बादलीला आतून मातीचा थर देऊन, मध्ये लोखंडी सळ्यांची जाळी बसवून ती घरीच तयार करीत. दगडी कोळशाची भुकटी शेणात कालवून तिचे गोळे थापत आणि उन्हात वाळवत. शेगडी पेटवायची ती अंगणात किंवा गॅलरीत. पहिला दाट धूर निघून जाईपर्यंत ती बाहेर ठेवायची आणि निखारे लाल झाले की कडी धरून आत आणायची. मुंबईच्या चाळींत सकाळी सगळ्या बिऱ्हाडांच्या शेगड्या एकाच वेळी पेटत, तेव्हा जिने धुराने भरून जात.

लाल निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निर्दोष आहेत असा समज पसरला आणि त्याने कित्येक घरांचा घात केला. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीच्या रात्री दारे-खिडक्या लावून खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या आजही प्रत्येक हिवाळ्यात वाचायला मिळतात. दिसणारा धूर निदान डोळ्यांना पाणी आणून सावध तरी करतो. हा वायू सावधही करीत नाही.

धुराचे काही उपयोग होते, हे नाकारण्याचे कारण नाही. आढ्याचे बांबू धुराने टिकत, वाळवी दूर राही. चुलीवर टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना कीड लागत नसे. पावसाळ्यात माशा-डास कमी होत. परंतु घराचे लाकूड टिकवणारा तोच धूर त्या घरातील बाईच्या छातीत जात होता, हा हिशेब कोणी मांडला नाही. पुरुष जेवायला पाटावर बसे तेव्हा भाकरी फुगून आलेली असे. ती फुगेपर्यंतचा वेळ चुलीशी कोण बसले होते, हे त्या पाटावरून दिसत नसे.

सरकारलाही ते दिसले नाही. कारखान्यांच्या धुराविरुद्ध बंगालमध्ये १९०५ साली आणि मुंबईत १९१२ साली कायदे झाले. काळा धूर सोडणाऱ्या भट्ट्यांवर निरीक्षक नेमले गेले. मात्र त्या कायद्यांच्या कक्षेतून घरगुती चूल वगळलेली होती. रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावर पडणारी काजळी हा उपद्रव ठरला. घरातल्या बाईच्या अंगावर पडणारी काजळी हा संसार ठरला.

चंदरवा आणि जयणा

आपल्या समाजातील घरांत चुलीवर चंदरवा बांधण्याची रीत होती. छतावरून एखादा जीव खाली जाळात किंवा उघड्या भांड्यात पडू नये, हा त्यामागील हेतू. पाणी ठेवण्याच्या जागेवर, दळणाच्या जागेवरही तो असे. लाकूड चुलीत घालण्यापूर्वी जमिनीवर आपटून, झटकून घेणे, गोवरी मोडून पाहणे, ओले वा किडलेले इंधन न वापरणे, सूर्यास्तापूर्वी चूल विझवणे, हे सारे जयणेचे नियम आपल्या आजी-पणजींनी पाळले. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत पहिलेच नाव अंगारकर्माचे आहे. लाकूड जाळून कोळसा करण्याचा व्यवसाय त्यात येतो. अग्नी हाताळताना जीवांचा विचार करायचा, हा संस्कार इतका खोल होता.

मग एक प्रश्न मनात येतो. मुंगीसाठी लाकूड झटकणारी, पाखरासाठी चंदरवा बांधणारी ती गृहिणी स्वतः त्या धुरात तासन्‌तास बसत होती. जयणेच्या त्या सूक्ष्म विचारात तिच्या श्वासाची गणना कोणी केली होती काय? चुलीवरचा चंदरवा दोन महिन्यांत काळा पडे आणि धुवायला काढावा लागे. त्याच चुलीपुढे चाळीस-पन्नास वर्षे बसलेल्या माणसाची फुप्फुसे धुवायला काढता येत नाहीत. हे वाक्य कठोर वाटेल. पण घरातील वयोवृद्ध स्त्रियांचा खोकला ज्यांनी रात्रीच्या वेळी ऐकला आहे, त्यांना ते परके वाटणार नाही.

मगनवाडीचे उत्तर

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न वर्ध्यात झाला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालालजी बजाज यांनी आपली बाग आणि तेथील घर त्यासाठी दिले, आणि महात्मा गांधींचे पुतणे मगनलाल यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या हाती संघाचा कारभार होता. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन, हातसडीचे तांदूळ अशा खेड्यातल्या उद्योगांवर तेथे प्रयोग चालत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले गेले.

त्याच काळात नालवाडीत वेगळ्या प्रकारचे काम चालू होते. १९३२ च्या अखेरीस विनोबाजी तेथे राहायला आले. सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवरच पोट भरायचे, असा प्रयोग त्यांनी तेथे स्वतःवर केला. गोपाळराव वाळुंजकरांचे चर्मालय नालवाडीतच उभे राहिले आणि ग्रामसेवा मंडळाचे कामही तेथून चाले. जवळच गोपुरी, पलीकडे दत्तपूर, थोड्या अंतरावर सेवाग्राम. या सर्व ठिकाणी माणसे मोठ्या तत्त्वांची चर्चा करीत, पण तितक्याच आस्थेने चामडे कसे कमवावे, चरखा कसा हलका करावा, संडास कसा बांधावा यांवरही विचार करीत. चूल हा विषय त्यांना क्षुद्र वाटला नाही, यात नवल नाही.

मगनवाडीत दोन साध्या वस्तू तयार झाल्या. एक मगनदीप, म्हणजे रॉकेलऐवजी खेड्यात मिळणाऱ्या वनस्पती तेलावर चालणारा काचेचा कंदील. दुसरी मगन चूल. कंदील आणि चूल या दोहोंच्या मुळाशी एकच तत्त्व होते, हे मागील विवेचनावरून लक्षात येईल.

मगन चुलीची रचना समजून घेण्यासारखी आहे. मातीचा एक बुटका ओटा. त्याच्या एका टोकाला इंधन घालण्याचे तोंड. ओट्यावर ओळीने भांड्यांसाठी भोके. आणि दुसऱ्या टोकाला छपरातून बाहेर जाणारा नळ. जाळ पहिल्या भांड्याखाली पेटतो, तेथून आतल्या बोगद्याने दुसऱ्या भांड्याकडे जातो, आणि उरलीसुरली ऊब देऊन धूर नळावाटे बाहेर पडतो. आपल्या जुन्या चुलीचे वैल त्यात जसेच्या तसे होते. फक्त वैलापुढे धुराला वाट करून दिलेली होती. लागणारे साहित्य गावातलेच: माती, भुसा, शेण, विटा आणि कुंभाराकडचे नळ. नळाने ओढ निर्माण झाली की फुंकणीची गरज कमी होते. त्यानंतर हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी याच दिशेने निर्धूर चुलीवर पुष्कळ काम केले आणि पन्नाशीच्या दशकात ती कल्पना देशभर गेली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात देवेंद्रकुमारजींनी वर्ध्याला, दत्तपूरच्या परिसरात, ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राचे काम सुरू केले. सुधारित चूल हा त्यांच्याही कामाचा एक भाग होता.

नळ कोण साफ करणार?

यानंतरची कथा यशाची असावी असे वाटते. तशी ती पूर्णपणे नाही. डिसेंबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ पर्यंत चाललेल्या त्या कार्यक्रमात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. परंतु त्यांतील कितीतरी चुली काही वर्षांत मोडल्या, काही वापरातून गेल्या, काहींचे नळ काजळीने बुजले. ओडिशातील खेड्यांत दीर्घकाळ केलेला आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास हेच सांगतो. नवी चूल बसवल्यावर पहिल्या वर्षी बायकांच्या पोटात जाणारा धूर कमी झाला. नंतर तो लाभ राहिला नाही. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची निगा राखली गेली नाही.

याची कारणे चुलीपुढे बसणाऱ्या कोणत्याही बाईने सांगितली असती. भोकाच्या मापाचे भांडे नसेल तर फटीतून धूर येतो. एकच भांडे ठेवायचे असेल तर दुसरे भोक झाकावे लागते. लाकूड बारीक फोडावे लागते. छपरातल्या भोकातून पावसाळ्यात पाणी गळते. आणि मुख्य म्हणजे, नळ दर पंधरवड्याला साफ करावा लागतो. ते काम कोणाचे? बाई छपरावर चढणार नाही. पुरुषाला ते आपले काम वाटत नाही. अशा रीतीने नळ बुजे, चूल कोंडे आणि बाई पुन्हा जुन्या चुलीकडे वळे. मग सारा दोष तिच्या अडाणीपणावर टाकायला सगळे मोकळे.

विलायतेत धुराडी साफ करण्याची व्यवस्था होती. पण तिचीही किंमत लहान मुलांनी मोजली. अरुंद धुराड्यात पाच-सहा वर्षांची मुले चढवली जात. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने काजळीमुळे या कामगारांना कर्करोग होतो हे दाखवून दिले. तरी मुलांना धुराड्यात चढवण्याची प्रथा पुरती बंद व्हायला १८७५ साल उजाडावे लागले. धुराला वाट करून देणे पुरेसे नाही. ती वाट मोकळी ठेवण्याचे कष्ट कोणावर पडतात, हेही पाहावे लागते.

याच्याही पुढची एक गोष्ट लंडनने जगाला शिकवली. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस त्या शहरावर दाट धुके बसले. लक्षावधी घरांच्या धुराड्यांतून निघालेला कोळशाचा धूर त्या धुक्यात कोंडला गेला. सुरुवातीला सुमारे ४,००० माणसे दगावल्याचा अंदाज होता; नंतरच्या अभ्यासांनी तो १२,००० पर्यंत नेला. १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि या वेळी घरगुती शेकोटीही कायद्याच्या कक्षेत आली. धुराडे धूर घराबाहेर नेते, नाहीसा करीत नाही. माझ्या घरातून गेलेला धूर शेजाऱ्याच्या अंगणात उतरतो. म्हणून धुराची सर्वात चांगली वाट म्हणजे तो मुळात निर्माणच कमी करणे.

आजचे कर्तव्य

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आता गॅस आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून खेड्यांतील कोट्यवधी घरांतही सिलिंडर पोचला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशात सुमारे ५९ टक्केच होती. सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल चालू, हे दृश्यही दुर्मीळ नाही, कारण पऱ्हाटीला पैसे पडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. हा भूतकाळाचा विषय नाही.

वाचकहो, या निमित्ताने चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली आपल्या घरातील ज्येष्ठ स्त्रियांविषयी. आई, आजी, आत्या, मोठ्या काकू यांना दम लागत असेल, खोकला जात नसेल, तर डॉक्टरांकडे नेताना त्यांनी किती वर्षे चुलीवर वा शेगडीवर स्वयंपाक केला, हे आवर्जून सांगावे. ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला त्या ‘नाही’ म्हणतील, आणि ते खरेच असेल. पण विडी न ओढताही आयुष्यभर धूर प्यालेली ती छाती असते. फुप्फुसाचा जुनाट विकार आणि मोतीबिंदू या दोहोंशी चुलीच्या धुराचा संबंध वैद्यकशास्त्राने मान्य केला आहे. वयाने दम लागतो असे म्हणून सोडून देऊ नये.

दुसरी आपल्या स्वयंपाकघरातील विजेच्या चिमणीविषयी. तिचे दोन प्रकार असतात. एकीचा नळ घराबाहेर जातो. दुसरी हवा गाळून पुन्हा त्याच खोलीत सोडते. विकत घेताना हा भेद विचारून घ्यावा, आणि शक्य तेथे नळ बाहेर काढावा. तिची जाळी महिन्यातून एकदा धुतली नाही तर ती मगन चुलीच्या बुजलेल्या नळासारखीच निरुपयोगी होते. हे काम घरातील पुरुषांनी आपल्याकडे घ्यावे, असे सुचवण्याचा मोह आवरत नाही.

तिसरी हिवाळ्याविषयी. कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नये. रखवालदार, ड्रायव्हर, बांधकामावरची कुटुंबे यांनाही हे समजावून सांगावे, आणि सांगताना एखादे पांघरूण सोबत न्यावे. नुसता उपदेश थंडीत ऊब देत नाही.

चौथी गोष्ट आपल्या सार्वजनिक व्यवहाराची आहे. आपल्या भोजनशाळा, धर्मशाळा, लग्नाची कार्यालये येथे शेकडो माणसांचा स्वयंपाक मोठ्या भट्ट्यांवर होतो. पंगतीत बसणाऱ्यांना पंखे असतात. भट्टीशी उभ्या आचाऱ्याला आणि पोळ्या लाटणाऱ्या बायकांना काय असते, हे प्रत्येक ट्रस्टच्या विश्वस्तांनी एकदा आत जाऊन पाहावे. तेथे नीट धुराडे आहे का, त्याची टोपी छपराच्या वर आहे का, त्यातली काजळी शेवटची कधी काढली, आत ताजी हवा यायला खालच्या बाजूने वाट आहे का? सभागृहाच्या संगमरवरासाठी जसे दाते पुढे येतात, तसे एखाद्या दात्याने स्वयंपाकघराच्या धुराड्यासाठी यावे. त्यावर नावाची पाटी बसणार नाही, बसली तरी काजळीने दिसणार नाही. परंतु रोज तेथे उभ्या राहणाऱ्या पाच-दहा माणसांच्या श्वासाशी त्या दानाचा थेट संबंध असेल. चातुर्मास लागण्यापूर्वी, जीवजंतू वाढण्याच्या आधी, कोरड्या दिवसांत त्या धुराड्याची सफाई करून घेण्याचा नेम ठेवला तर जयणाही साधते आणि भट्टीही नीट चालते.

गिरण्यांची उरलेली धुराडी जपावीत, त्यांच्यापुढे उभे राहून मुलांना वाफेचे युग समजावून सांगावे, हे योग्यच आहे. वर्ध्याला जाणाऱ्यांनी मगन संग्रहालयालाही भेट द्यावी. गिरणीचे धुराडे शेकडो फूट दूरवरून दिसते आणि मालकाचे वैभव सांगते. मगन चुलीचा नळ छपराच्या वर जेमतेम हात-दोन हात येत असे आणि त्याखाली बसलेल्या बाईला मान वर करून श्वास घेता येत असे. मुलांना सांगताना या दोन्ही धुराड्यांविषयी सांगावे, आणि दुसऱ्याविषयी थोडे अधिक.